घरचं पंचांग

आमच्याकडे गुढीची काठी बांबूची नाही,
अँटेनाची आहे.
केबल आली तेव्हा पप्पांनी ती गच्चीवरनं उतरवली,
करवतीनं साडेसहा फुटांवर कापली
आणि कोणी हसायच्या आत सांगून टाकलं,
हिनं बारा वर्षं आभाळातनं बातम्या ओढल्यात,
हिला वरचं कळतं.

सिडकोच्या चौथ्या स्कीममध्ये
बाकीच्यांच्या गुढ्या रस्त्याकडे वाकतात.
आमची ताठ, लोखंडी,
वर रविवार कारंज्यावरून आणलेला तांब्या
एका अंगानं चेपलेला.
तो कोणी पाडला यावर अजून एकमत नाही.

आदल्या रात्री चक्का टांगलेला असतो
मोरीच्या नळाला.
टप. टप.
लहानपणी वाटायचं, जुनं वर्ष गळतंय.
हर्षाली मध्येच उठून
खालचं पातेलं जरा सरकवून यायची,
म्हणजे आवाज बदलतो.
यंदाही उठली. मी जागाच होतो.

मार्गशीर्षात ती परत आली भुसावळहून,
दोन बॅगा आणि स्वतःचा मिक्सर घेऊन.
मिक्सरचं कोणी काही बोललं नाही.
बॅगांचंही नाही.

सकाळी आईनं गुढीसाठी हिरवा खण काढला.
हर्षालीनं आतून पैठणी आणली,
येवल्याची, लग्नातली,
घडीत अजून डांबरगोळीचा वास.
ही नको गं, आई म्हणाली.
एकदाच नेसलेय, ती म्हणाली, वारा लागू दे तिला.
पप्पांनी सुतळी घेतली
आणि नोटांच्या गठ्ठ्याला मारायचे तशी गाठ मारली.
समोरच्या गॅलरीतनं बोरस्ते काकूंनी
आधी पैठणीकडे पाहिलं, मग हर्षालीकडे,
मग म्हणाल्या, काठ मोठा सुरेख आहे हो,
आणि कुकर लावलाय म्हणून आत गेल्या.

निंब गल्लीच्या तोंडाशी, डीपीला टेकून उभा.
त्याचा कोवळा पाला, ओवा, हिंग, चिंच, मीठ,
आणि गूळ आईच्या हिशेबानं.
वर्ष वाईट गेलं की ती गूळ वाढवते.
मी बारावी नापास झालो
त्या पाडव्याची गोळी जवळजवळ पेढा होती.
हर्षालीनं जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं.
आई, गूळ नेहमीइतकाच आहे.
मग? आई म्हणाली. कमी का घालू?

मग पप्पा पाटावर बसतात.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये दुसऱ्यांचे पैसे मोजले,
अजून पान उलटताना बोट
ओल्या स्पंजाकडे जातं,
जो तिथे नसतो.
संवत्सराचं नाव, राजा, मंत्री, मेघेश,
पाऊस डोंगरावर किती, समुद्रात किती.
मग पुस्तक मिटून, चष्मा कपाळावर,
त्याच सुरात पुढचं, जे छापलेलं नसतं.
घराचा राजा पाण्याची मोटर. दोनदा रुसेल.
मंत्री गुडघा, उजवा.
सस्येश गॅलरीतला पुदिना. पीक मध्यम.
कुठे हसायचं ते आमचं ठरलेलं.

यापुढे जावईबापूंची ओळ असायची.
मागच्या पाडव्याला योग उत्तम होते.

पप्पा थांबले.
खाली कोणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती.
मग चष्मा डोळ्यांवर घेतला,
मिटलेल्या पुस्तकाकडे बघत वाचलं,
हर्षाली, स्वगृही.
स्वगृहीचा ग्रह बलवान जाणावा.

कोणी हललं नाही.

घरात मिक्सर दोन. युद्धयोग संभवतो.

इथे हसायचं आमचं ठरलेलं नव्हतं.
पहिली तीच हसली,
हसता हसता पदर शोधू लागली डोळ्यांसाठी,
पण अंगात पंजाबी ड्रेस,
आणि पदर तर बाहेर, काठीवर.

दिवस मावळायच्या आत गुढी उतरवली.
गाठी उन्हानं पाघळून जरीला चिकटलेली,
तिच्यावर मुंग्यांची रांग.
आई म्हणाली झटक.
हर्षाली गॅलरीत बसून
एकेक मुंगी बोटावर घेऊन कठड्यावर सोडत राहिली,
दिवे लागले तरी.
आत मी काठी पलंगाखाली सरकवत होतो.
दर वर्षीसारखी ती
एका बाजूनं बाहेर येते.